इमाम गझाली यांचें आत्मवृत्त : साधन म्हणून त्याची परीक्षा

आत्मवृत्त हें इतिहासाचें साधन आहे खरें. परंतु तें कोणत्या प्रतीचें साधन मानावयाचें याविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. बखरीपेक्षां समकालीन अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हें सूत्र आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पण ज्यानें गोष्ट केली त्यानेंच ती पुढें आठवून लिहिली, तर त्या लेखास पत्राच्या पंक्तीस बसवावें कीं बखरीच्या, हा प्रश्न उरतोच. नाना फडणिसांचें त्रोटक आत्मवृत्त आपणां सर्वांस परिचित आहे. पानिपताहून ते कसे निसटले ही हकीकत आपण त्यावरून निःशंकपणें उचलतों. त्याच लेखांतील तत्त्वचिंतन व स्वतःच्या मनोविकारांची कबुली मात्र बाजूस सारतों. अर्धें घ्यावयाचें आणि अर्धें टाकावयाचें तें कोणत्या नियमानें, याचा खुलासा सहसा कोणी करीत नाहीं.

हा नियम तपासून पाहण्यास इस्लामी वाङ्मयांतील एक लहानसा अरबी ग्रंथ फार सोईचा आहे. इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली यांचा ‘अल्-मुन्किज मिन् अज्-जलाल’ हा तो ग्रंथ. नांवाचा अर्थ ‘भ्रमांतून सोडविणारा’. येथें ‘इमाम’ ही पदवी मशिदींत नमाज पढविणाऱ्याची नसून शास्त्रांतील अग्रणी पुरुषाची आहे. त्यांस ‘हुज्जतुल्-इस्लाम’ म्हणजे इस्लामचें प्रमाण असेंहि म्हणत. या ग्रंथांत त्यांनीं आपल्या बुद्धीचा व मनाचा प्रवास सांगितला असून बगदादची मानाची जागा आपण कां सोडली व अकरा वर्षांनीं पुन्हा अध्यापनास कां बसलों, याचें कारण दिलें आहे. हें कारण खरें मानावें काय, यावर गेल्या शंभराहून अधिक वर्षें विद्वानांचा वाद चालू आहे. एका पक्षास हा ग्रंथ निर्मळ अंतःकरणाचा आरसा वाटतो, तर दुसऱ्यास चतुर माणसानें भीतीवर घातलेलें वैराग्याचें पांघरूण. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं ग्रंथाची जात ओळखण्यांत चूक केली आहे. तें कसें, तें क्रमानें दाखवितों.

प्रथम चरित्राची चौकट. गझाली यांचा जन्म खोरासानांतील तूस येथें हिजरी ४५० (इ. स. १०५८) सालीं झाला असें परंपरा सांगते, दोनएक वर्षें अलीकडे-पलीकडे करणारेहि विद्वान् आहेत. बाप लहानपणींच वारला. मरतांना त्यानें मुहम्मद व धाकटा अहमद या दोघां मुलांस एका सूफी स्नेह्याच्या स्वाधीन केलें, आणि ठेवलेला पैसा संपल्यावर मुलांस अन्नाच्या सोईसाठीं मदरशांत जावें लागलें, अशी कथा आहे. पुढें निशापूर येथें इमामुल्-हरमैन जुवैनी या त्या काळच्या अग्रगण्य पंडितापाशीं त्यांचें अध्ययन झालें. हि. ४७८ (इ. स. १०८५) मध्यें जुवैनी वारल्यावर ते सेल्जूक सुलतान मलिकशाह याचा वजीर निजामुल्मुल्क याच्या छावणींत दाखल झाले, आणि हि. ४८४ (इ. स. १०९१) मध्यें त्या वजिरानें त्यांस बगदाद येथील आपल्या निजामिया मदरशाचें मुख्य अध्यापकपद दिलें. वय अवघें चौतिसाच्या घरांत. पुढल्याच वर्षीं, हि. ४८५ च्या रमजानांत, निजामुल्मुल्काचा खून झाला आणि महिन्याभरांत मलिकशाहहि वारला. गादीसाठीं यादवी माजली. हि. ४८८ च्या जिल्कादांत (नोव्हेंबर १०९५, शके १०१७) गझाली यांनीं बगदाद सोडलें. हि. ४९९ (इ. स. ११०६) मध्यें ते निशापूरच्या निजामियांत पुन्हा शिकवूं लागले. कांहीं वर्षांनीं तूस येथें परत येऊन हि. ५०५ च्या जमादिलाखराच्या १४ तारखेस (१८ डिसेंबर ११११, शके १०३३) त्यांचें देहावसान झालें.

आतां ‘मुन्किज’ काय सांगतो तें थोडक्यांत. वयाची पन्नाशी उलटल्यावर हा ग्रंथ लिहिला, असें आंतील उल्लेखावरूनच ठरतें. म्हणजे तो निशापुरास पुन्हा अध्यापन सुरू केल्यानंतरचा. ग्रंथकार सांगतात कीं, तारुण्यांत इंद्रियें व बुद्धि या दोहोंवरचाहि विश्वास उडून आपण सुमारें दोन महिने संशयांत बुडालों होतों व ईश्वरानें हृदयांत टाकलेल्या प्रकाशानें त्यांतून बाहेर निघालों. मग सत्यान्वेषकांचे चार वर्ग ते करतात : धर्मवाद करणारे मुतकल्लिम, गुप्त इमामाच्या वचनावर विसंबणारे बातिनी, तत्त्वज्ञानी आणि सूफी. एकेकाची परीक्षा करून शेवटीं ते सूफी मार्गावर येतात. तेथें शब्दांनीं काम भागेना. संसार, कीर्ति व पद यांचा त्याग पाहिजे होता. हि. ४८८ च्या रज्जबापासून सुमारें सहा महिने मन दोन्हीकडे ओढलें जात होतें; अखेर जीभ अडखळली, शिकवितां येईना, अन्न पचेना, वैद्यांनीं हात टेकले. तेव्हां मक्केस जातों असें लोकांस सांगून, मनांत शामदेशाचा बेत ठेवून, कुटुंबापुरतें ठेवून बाकीचें द्रव्य वांटून ते निघाले. दमास्कस, जेरुसलेम, हेब्रॉन, मग मक्का-मदिना. आणि मुलांबाळांच्या ओढीनें पुन्हा स्वदेश.

हा कथाभाग हातीं घेऊन त्याला पारखण्याची साधनें कोणतीं आहेत तें पाहूं. सुदैवानें चार स्वतंत्र साधनें मिळतात. पहिलें, अब्दुल्-गाफिर फारिसी (मृत्यु हि. ५२९) यांची टिपण. हे निशापूरचे खतीब व त्या नगराचे इतिहासकार. गझालींस प्रत्यक्ष ओळखणारे. यांची टिपण पुढें इब्न असाकिर आणि सुब्की यांच्या ग्रंथांत उतरली आहे. दुसरें, सेविल्याचे न्यायपंडित अबू बक्र इब्नुल्-अरबी यांची साक्ष. हे तरुणपणीं पूर्वेकडे विद्येसाठीं आले होते. तिसरें, गझालींचीं स्वतःचीं फारसी पत्रें. चौथें, त्यांच्या ग्रंथांच्या हस्तलिखितांतील समाप्तिलेख. यांपैकीं एकहि साधन ‘मुन्किज’ वाचून त्यावरून रचलेलें नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

साधनांचा क्रम लावतांना कथा आणि साक्ष यांतील भेद डोळ्यांआड होतां कामा नये. जुर्जानहून परततांना दरोडेखोरांनीं गझालींचीं टिपणें लुटलीं, तीं मागूं गेले असतां नायकानें ‘पिशवी नेली म्हणून विद्या गेली, ती कसली विद्या’ अशा अर्थाचा टोमणा मारला, आणि मग त्यांनीं तीन वर्षें बसून सर्व मुखोद्गत केलें, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस फार आवडते. पण ती आपणांस मिळते सुब्कींच्या ग्रंथांत, म्हणजे गझालींनंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं. सुब्कींनीं सांगणाऱ्यांचीं नांवें दिलीं आहेत हें खरें. तथापि ‘मुन्किजां’त तिचा मागमूस नाहीं. अशी गोष्ट सुंदर म्हणून सांगावी. प्रमाण म्हणून वापरूं नये.

आतां एकेक मुद्दा. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाविषयीं ‘मुन्किज’ म्हणतो कीं बगदादेंत तीनशें विद्यार्थ्यांस शिकवून उरलेल्या वेळांत, गुरूवांचून, दोन वर्षांच्या आंत तें शास्त्र आपण आकळलें व आणखी सुमारें एक वर्ष त्याचें मनन केलें. यावर समाप्तिलेखाची कसोटी लावतां येते. ‘तहाफुतुल्-फलासिफा’ या तत्त्वज्ञान्यांच्या खंडनपर ग्रंथाची समाप्ति हि. ४८८ च्या मोहरमाच्या ११ व्या दिवशीं (२१ जानेवारी १०९५) झाल्याचें हस्तलिखितावरून कळतें. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति मोरीस बुईज यांनीं १९२७ सालीं बैरूत येथें काढली. बगदादेस आगमन हि. ४८४ चें. म्हणजे तीन वर्षें व कांहीं महिने, त्यांतच अभ्यास, मनन आणि लेखन. आंकडे जुळतात, पण इतके घट्ट जुळतात कीं शंका यावी. फ्रँक ग्रिफेल यांनीं २००९ सालच्या आपल्या ग्रंथांत हा अभ्यास बगदादच्या आधींच सुरू झाला असावा असें प्रतिपादिलें आहे, आणि जुवैनींच्या अध्यापनाची जात पाहतां तें आम्हांस पटतें. मग ग्रंथकारानें हा काळ आंखूड कां केला? कारण तत्त्वज्ञान हें आपल्या शिक्षणाचा पाया नव्हतें, तें आपण केवळ खंडनासाठीं बाहेरून पाहिलें, असें दाखविणें त्यांस इष्ट होतें. हें कां इष्ट होतें, तें पुढें येईल.

दुसरा मुद्दा वैराग्याच्या काळाचा. ‘मुन्किज’ वाचणाऱ्यास सर्व उलथापालथ रज्जबांतील त्या सहा महिन्यांत झाली असें वाटतें. परंतु इब्नुल्-अरबी आपल्या ‘अल्-अवासिम मिन् अल्-कवासिम’ या ग्रंथांत सांगतात कीं, हि. ४९० च्या जमादिलाखरांत आपण गझालींस बगदादेंत पाहिलें तेव्हां त्यांस सूफी साधना करीत सुमारें पांच वर्षें, म्हणजे हि. ४८६ पासून, झालीं होतीं. हें साल निजामुल्मुल्क व मलिकशाह यांच्या मृत्यूच्या लगतचें आहे. आश्रयदाता वजीर खुनी सुऱ्यानें पडला, बादशाह महिन्याभरांत गेला, आणि ज्या दरबारावर विद्वानांचें जग उभें होतें तो दरबार पत्त्यांच्या घरासारखा कोसळला. हें पाहिल्यावर मन फिरण्यास सुरुवात झाली असेल तर नवल नाहीं. म्हणून सहा महिन्यांचें दुखणें हा आरंभ नसून शेवट होता. ‘मुन्किजां’नें खोटें सांगितलें नाहीं, लांब रस्ता एका मुक्कामांत गुंडाळला.

तिसरा मुद्दा भीतीचा, आणि वादाचें मर्म येथेंच आहे. डंकन ब्लॅक मॅकडोनल्ड यांनीं १८९९ सालीं सुचविलें कीं, यादवींत खलिफानें तुतुशाचा पक्ष घेतला होता, गझाली खलिफाच्या निकटचे, म्हणून तुतुश पडून बर्क्यारुक विजयी होतांच त्यांस बगदाद धोक्याचें वाटलें असावें, बर्क्यारुक हि. ४९८ मध्यें वारला आणि गझाली ४९९ मध्यें परत अध्यापनास बसले, हाहि मेळ त्यांनीं दाखविला. फरीद जब्र यांनीं १९५४ सालीं दुसरें कारण पुढें केलें : बातिनींनीं निजामुल्मुल्कास मारलें, गझालींनीं खलिफा मुस्तज्हिर याच्या आज्ञेनें बातिनींविरुद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हां मारेकऱ्यांच्या भयानें त्यांनीं पळ काढला. या तर्काचा आधार फारिसींच्या टिपणींतील एक वाक्य. तेथें गझालींस भीतीचें एक दार उघडलें गेलें व त्यामुळें इतर सर्व गोष्टींवरून त्यांचें मन उडालें, असा मजकूर आहे.

या दोन्ही तर्कांस आमचें उत्तर साधनांतूनच आहे. इब्नुल्-अरबींनीं गझालींस हि. ४९० मध्यें पाहिलें तें बगदादेंत, निजामिया मदरशासमोरच्या अबू सअद यांच्या रिबातांत. तेव्हां बर्क्यारुक जिवंत होता व आणखी आठ वर्षें राहिला. बर्क्यारुकाला भिऊन पळालेला माणूस दीड वर्षांतच परत येऊन आपल्या जुन्या मदरशाच्या दारासमोर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, मुक्काम टाकील काय? बातिनींच्या भयाचीहि तीच गत. गझालींनीं पुढील आयुष्य काढलें तें तुसांत. खोरासानच्या दक्षिणेस कुहिस्तानांत बातिनींचे किल्ले, आणि इ. स. १०९० पासून आलमूत त्यांच्या हातीं. बातिनींपासून दूर जावयाचें तर खोरासान ही जागा नव्हे. शिवाय त्यांचें खंडन गझालींनीं थांबविलें नाहीं; ‘मुन्किजां’तच ते या विषयावरील आपल्या अनेक ग्रंथांचीं नांवें अभिमानानें मोजून दाखवितात. राहतां राहिलें फारिसींचें वाक्य. सूफी परिभाषेंत ‘खौफ’ हा साधकाचा एक मुक्काम आहे, आणि ‘इह्या’च्या चाळीस भागांपैकीं एक भाग भय व आशा यांवरच आहे. शिवाय फारिसी स्पष्ट सांगतात कीं ही हकीकत आपणांस खुद्द गझालींनीं रात्रीं बसून सांगितली. तेव्हां वाक्यांतील भीति ईश्वराची, सुरीची नव्हे. शब्द परिभाषेचा असतां तो कोशांतल्या अर्थानें घेणें ही चूक आपल्याकडील महानुभाव वा नाथपंथी पोथ्या वाचतांनाहि होत असते.

चौथा मुद्दा प्रवासाचा. ‘मुन्किज’ म्हणतो, शामांत सुमारें दोन वर्षें राहून मग हज केली. फारिसी उलट सांगतात : आधीं हज, मग शामांत जवळजवळ दहा वर्षें. येथें प्रत्यक्ष परिचित असलेल्या समकालीनाची साक्ष ग्रंथकाराच्या स्वतःच्या शब्दाविरुद्ध जाते, कोणास मानावें? निर्णय पुन्हा इब्नुल्-अरबींवर येतो. जिल्काद ४८८ मध्यें बगदाद सोडलें, जमादिलाखर ४९० मध्यें ते बगदादेंत होते. मध्यें चांद्रमानानें एकोणीस महिने, आणि त्यांतच हि. ४८९ ची हज. म्हणजे फारिसींचीं दहा वर्षें साफ पडतात. त्यांनीं बगदाद सोडल्यापासून निशापुरास परतेपर्यंतचा सर्व काळ शामच्या खात्यावर टाकला, हें उघड आहे. ‘मुन्किजां’तील ‘सुमारें दोन वर्षें’ हा आंकडा शामचा म्हणून फुगीर, पण सर्व प्रवासाचा म्हणून बरोबर आहे. ज्यानें प्रवास केला तो महिन्यांत चुकला. ज्यानें ऐकलें तो वर्षांत चुकला. साक्षीदाराची जवळीक आणि साक्षीची अचूकता या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

पांचवा मुद्दा पुनरागमनाचा. आणि येथें मात्र ‘मुन्किज’ कच्चा ठरतो. तेथें लिहिलें आहे कीं, लोकांच्या श्रद्धेस ओहोटी लागलेली पाहून मनांत चलबिचल झाली, तोंच त्या काळच्या सुलतानानें कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपण होऊन निशापुरास जाण्याची आज्ञा केली. प्रत्येक शतकाच्या आरंभीं धर्माचें पुनरुज्जीवन करणारा येतो अशी परंपरा असून हिजरी पांचवें शतक संपत आलें होतें. फारिसी मात्र नांव घेऊन सांगतात कीं, ही खटपट निजामुल्मुल्काचा मुलगा व खोरासानचा वजीर फख्रुल्मुल्क याची. त्यानें आग्रह धरला व गझालींस नाहीं म्हणवेना. ‘मुन्किजां’त ना निजामुल्मुल्काचें नांव, ना फख्रुल्मुल्काचें. याच्याशीं फारसी पत्रांतील एक गोष्ट ताडून पहावी. सुलतान संजर यास लिहिलेल्या पत्रांत गझाली कळवितात कीं, हि. ४८९ मध्यें हेब्रॉन येथें इब्राहीम पैगंबराच्या कबरीपाशीं आपण तीन नेम केले : सुलतानाचा पैसा घेणार नाहीं, सुलतानाच्या दरबारीं जाणार नाहीं, वादविवादांत पडणार नाहीं. असा नेम केलेल्या पुरुषानें वजिराच्या घराण्यानें वसविलेल्या मदरशांत पुन्हा बसावें, हें विरोधकांच्या तोंडीं कोलीत देण्यासारखेंच होतें. म्हणून आत्मवृत्तांत नेमाचा उच्चार नाहीं आणि वजिराचाहि नाहीं.

येथें ग्रंथाची जात ठरते. निशापुरांत गझालींवर प्रतिपक्ष उठला होता : हा तत्त्वज्ञान्यांचीं मतें धर्मांत मिसळतो, यानें तरुणपणीं अबू हनीफा यांची निंदा केली आहे, अशा तक्रारी संजरापर्यंत गेल्या आणि गझालींस स्वतःचें समर्थन करावें लागलें. ‘मुन्किज’ त्याच सुमाराचा. केनेथ गार्डन यांनीं २०१४ सालीं या वादाचा व ग्रंथाचा संबंध जोडून दाखविला आहे. त्यावरून आम्ही एक पाऊल पुढें जाऊन म्हणतों कीं, आपल्या परिभाषेंत हा ग्रंथ बखर नव्हे व पत्रहि नव्हे; ही कैफियत आहे. वतनाच्या तंट्यांत वादी आपला पूर्वापर करीना गोतापुढें मांडतो, तसा या पंडितानें आपल्या बुद्धीचा करीना खोरासानच्या विद्वत्सभेपुढें मांडला. तत्त्वज्ञानाचा अभ्यास बाहेरून व थोड्या काळांत केला हें सांगण्याचें प्रयोजन यावरून उलगडतें, आणि दरबारी आश्रयाविषयींचें मौनहि.

आणि कैफियत कशी वाचावी हें महाराष्ट्रांतील संशोधकांस कोणी शिकवावयास नको. कैफियतींत जें प्रतिपक्षासहि ठाऊक असतें तें सहसा खरें असतें, कारण खोटें तेथल्या तेथें पकडलें जाईल. बगदाद सोडल्याचा महिना व निशापुरास बसल्याचा महिना या सदरांत पडतात. वादी स्वतःच्या विरुद्ध जें कबूल करतो त्याला अधिक वजन द्यावें. आपण नांवलौकिकासाठीं शिकवीत होतों, आपण दोन महिने सर्वच ज्ञानाविषयीं संशयी होतों, मक्केचें नांव सांगून शामास गेलों, घरच्यांच्या ओढीनें एकांत मोडला, या कबुल्या शत्रूच्या हातीं शस्त्र देणाऱ्या आहेत. बनावट लेख रचणारा त्या घालीत नाहीं. १९४३ सालीं कैरो येथें प्रसिद्ध झालेल्या एका अरबी ग्रंथांत सबंध आत्मवृत्त रचलेलें ठरविलें आहे, त्याला हें उत्तर पुरेसें आहे. उलट वादी जेथें गप्प बसतो तेथें इतर दप्तर शोधावें. फख्रुल्मुल्क आणि हेब्रॉनचा नेम आपणांस असेच सांपडले.

राहतो हेतूचा प्रश्न. वैराग्य खरें होतें काय? हेतु कोणत्याहि कागदावर सांपडत नाहीं. पुढील वागणुकीवरून तो अजमावावा लागतो. फारिसी प्रथम स्वतःच साशंक होते. पूर्वींच्या गझालींचा ताठा व लोकांस तुच्छ लेखण्याची वृत्ति त्यांनीं पाहिली होती. ही नवी नम्रता ओढून-ताणून आणली असावी असें त्यांस वाटलें. अनेकदां भेटून, चौकशी करून, शेवटीं त्यांनीं आपलें मत बदललें आणि तसें लिहून ठेविलें. हे स्तुतिपाठक नव्हेत : गझालींच्या अरबी लेखनांत व्याकरणाचे दोष निघत व खुद्द गझाली तें कबूल करीत, हेंहि त्यांनींच नमूद केलें आहे. निशापूरची जागा सोडून गझाली तुसास परतले, घराशेजारीं विद्यार्थ्यांसाठीं मदरसा व सूफींसाठीं खानका चालविली, आणि अखेरीस हदीसच्या अभ्यासांत रमले. सर्वांत मोठी कसोटी हि. ५०४ (इ. स. १११०) मध्यें आली. बगदादच्या निजामियाचे मुख्य अध्यापक किया हर्रासी वारले आणि तीच जुनी गादी गझालींस पुन्हा देऊं केली गेली. त्यांनीं फारसी पत्रानें नकार कळविला. तुसांतील दीडशें विद्यार्थी, कुटुंब आणि हेब्रॉनचा नेम अशीं कारणें दिलीं. निशापुरास नेम ढिला पडला होता, बगदादच्या बोलावण्यानें तो मोडला नाहीं. यापेक्षां अधिक पुरावा इतिहासानें मागूं नये.

ग्रंथ म्हणूनहि ‘मुन्किजा’ची किंमत थोडी नव्हे. चार वर्गांची मांडणी काळाच्या क्रमाची नसून युक्तिवादाची आहे, म्हणून तिच्यावरून सालवार चरित्र रचूं नये. परंतु दुखण्याचा भाग ज्या उघडेपणानें लिहिला आहे तसा त्या शतकांतील दुसऱ्या कोणा पंडितानें लिहिलेला आम्हांस ठाऊक नाहीं. दोष एवढाच कीं, माणसें त्यांत जवळजवळ नाहींत. गुरु जुवैनी नाहींत, सूफी मार्गावर असलेला भाऊ अहमद नाहीं. मतें आहेत, मतांचे धनी नाहींत.

शेवटीं संग्राहकांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. गझालींच्या नांवावर ग्रंथ फार. अब्दुर्रहमान बदवी यांनीं १९६१ सालीं केलेल्या यादींत ४५७ नांवें असून निःसंशय त्यांचीं म्हणून त्यांनीं मानलीं तीं ७२. तेव्हां मुखपृष्ठावरील नांव हें प्रमाण नव्हे. ‘किमिया-इ-सआदत’ हा त्यांचा फारसी ग्रंथ मात्र निःसंशय त्यांचा, आणि हिंदुस्थानांत तो पुष्कळ वाचला गेला. अकबरापुढें वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांत ‘आईन-इ-अकबरी’ त्याचें नांव देते, आणि औरंगजेबाच्या वाचनांत गझालींचे ग्रंथ असत असें ‘मआसिर-इ-आलमगिरी’ सांगते. त्या बादशाहाचीं शेवटचीं पंचवीस वर्षें दक्षिणेंतच गेलीं. दक्षिणेंतील जुन्या घराण्यांच्या व दर्ग्यांच्या फारसी रुमालांत याची एखादी प्रत निघाली, तर ती धर्मपर म्हणून बाजूस टाकूं नये. लेखकाचें नांव, समाप्तीची तिथि, स्थळ, मालकांचे शिक्के व समासांतील टिपा आधीं उतरून घ्याव्या. ‘तहाफुता’च्या एका समाप्तिलेखानें गझालींच्या चरित्राची एक गांठ सोडविली, दक्षिणेंत कोण, कोठें व केव्हां गझाली वाचीत होतें, ही गांठहि अशाच एखाद्या शेवटच्या पानावर सुटण्यासारखी आहे.